तातडी नाही

मल्लव्वाला तिच्या नवऱ्यानं वाळू भरलेल्या सायकलच्या ट्यूबनं मारलं. काठीनं नाही, पट्ट्यानं नाही, ट्यूबनंच. कारण २०४१ साल उजाडेपर्यंत पंचगंगेकाठच्या त्या मागांच्या गावात दारुड्यातल्या दारुड्यालाही एवढं कळलं होतं, की बायकोला हवं तेवढं झोडपावं, फक्त हाड मोडू नये. ट्यूब मांसात बसते. आत सगळं काळंनिळं होतं, लघवीतून रक्त जातं, पण हाडाला चरा पडत नाही. आणि हाडाला चरा नाही पडला, की यंत्राला काही दिसत नाही. माणसाची अक्कल चांगल्या कामात कधी एवढी भरभर चालली आहे का, तुम्हीच सांगा!

मंगळवारी दुपारी शिवाप्पानं सुरुवात केली. मधे त्यानं तिलाच भाकरी वाढायला लावली, जेवला, हात धुतला आणि पुन्हा ट्यूब उचलली. बुधवारी सकाळी तो आंघोळीला बसलेला बघून मल्लव्वा मागच्या दारानं निसटली आणि एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, अशी छळलेल्या बायकांच्या आसरा केंद्रात पोचली. तेव्हा अकरा वाजले होते.

तिथं नोंदणीच्या टेबलावर वैजयंता शेडबाळे बसते. वय सेहेचाळीस, नोकरीची अठरा वर्षं. जीभ जरा तिखट, पण आलेल्या बाईला आधी पाणी आणि चहा, मग कागद, हा तिचा शिरस्ता. तिनं यंत्राच्या आधीचा काळ पाहिला होता. मल्लव्वाही तिला नवीन नव्हती. सहा वर्षांपूर्वी ती अशीच आली होती, आणि तेव्हा तिच्यापुढे सात खिडक्या होत्या.

व्यसनमुक्तीवाले म्हणाले, आधी नवऱ्याचं घर सोड, तिथं राहून दारू सुटायची नाही. निवारागृहवाले म्हणाले, आधी दारू सोड, पिणारी बाई आम्हाला चालत नाही. मनोरुग्णालयाला नातेवाइकाची सही हवी होती, आणि नातेवाईक म्हणजे कोण, तर शिवाप्पा! पोलिसांना डॉक्टरचा दाखला हवा, डॉक्टरला पोलिसांचं पत्र हवं. त्यात हातभट्टीच्या गुन्ह्यात ती अकरा महिने तुरुंगात जाऊन आलेली, त्यामुळं ती दिसली की वकीलबाई आपली पर्स जवळ ओढून घ्यायच्या. प्रत्येक खिडकीवर पहिल्यापासून सांगायचं, कुणी मारलं, कशानं मारलं, किती वेळा. दोनदा लाथेनं पोटातलं मूल गेलं तेही सांगायचं. सांगताना एखादी तारीख चुकली, की कागदावर शेरा पडायचा, ‘खोटं बोलते’. सातवी खिडकी गाठायच्या आधीच मल्लव्वा घरी परत गेली होती.

म्हणून तीन वर्षांपूर्वी यंत्र आलं तेव्हा वैजयंतानं स्वतःच्या हातानं पेढे वाटले होते.

त्या यंत्राचं नाव अस्थिवाचक. त्यामागचं शास्त्र तसं सरळ आहे. मोडलेलं हाड स्वतःला सांधतं. सांध्यावर आधी मऊ गाठ येते, मग ती कडक होते, आणि पुढं वर्षानुवर्षं शरीर तिच्यावर थर चढवत, उतरवत हाडाला मूळच्या आकाराकडं नेत राहतं. झाडाच्या खोडातल्या कड्या मोजाव्यात तसे हे थर अतिसूक्ष्म क्ष-किरणांनी मोजता येतात. एक थर म्हणजे साधारण एक वर्ष. मोड कशी पडली आहे त्यावरून घाव कुठून आला, किती जोरानं आला, तो दुसऱ्या कुणी घातला की बाई आपली आपण पडली, हेही निघतं. बाईनं तोंडातून एक शब्द काढायचा नाही. अकरा मिनिटं त्याच्या चाकांच्या पाळण्यात पडून राहायचं, की यंत्र तिच्या सगळ्या हाडांचा इतिहास वाचून शंभरापैकी एक आकडा सांगतं. त्याला म्हणतात भार. भार साठाच्या वर गेला, की सातही खिडक्या एकदम उघडतात. खाट, डॉक्टर, वकील, दारूचा उपचार, कागदपत्रं, सगळं त्याच दिवशी.

आणखी एक नियम होता. चोवीस तासांच्या आतलं, दुसऱ्यानं मोडलेलं हाड दिसलं, तर भार कितीही असो, दार उघडायचं आणि बाईला नव्वद दिवस आत ठेवायचं. त्या काळात तिला कुणी भेटायचं नाही आणि कुणी बाहेर काढायचं नाही, अगदी अधीक्षिकेनंसुद्धा. फक्त ‘अपघात’ अशी नोंद झाली, तर तो हक्क तिथंच संपायचा.

मल्लव्वा पाळण्यातून उतरली आणि पडद्यावर अक्षरं उमटली. ‘भार एकतीस. अस्थिभंग आठ. सर्व विवाहापूर्वीचे. मोडींचं वय तेरा ते चौदा वर्षं. तातडी नाही.’

वैजयंतानं ते वाचून दाखवलं. मल्लव्वाच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. ती एकदम उसळली.

“लग्नाआदी? आक्का, लग्नाआदी मला कुणी चापटबी मारली न्हाई! माझा बा देवमाणूस हुता. हे मशीन माझ्या मेलेल्या बावर आळ घालतंय?” तिनं पाठीवरचं लुगडं सरकवलं. पाठ कुठं उरलीच नव्हती. वांग्यासारखी जांभळी सूज मानेपासून कमरेपर्यंत उतरली होती. “हे बगा की! हे बी लग्नाआदीचं हाय?”

बघायला अधीक्षिका केतकी मॅडम आल्या. बाई वाईट नव्हती हो, उलट सरळ होती, आणि तिथंच घोटाळा होता. त्यांनी मल्लव्वाला बसवलं, मलम मागवलं, पण मान हलवली.

“वैजयंताताई, मलाही दिसतंय. पण पूर्वी आपण काय करत होतो, आठवा. चेहरा बघून ठरवायचो. गोरीगोमटी, रडणारी, साडी नीट नेसलेली बाई आत आणि तोंडाला दारूचा वास येणारी बाहेर. मीच तसं ठरवलेलं आहे. त्यापेक्षा यंत्र बरं. आज खाटा तीन आहेत आणि साठाच्या वरच्या पाच जणी बाहेर बसल्यात. मी कुणाला उठवू?”

वैजयंता मलम घेऊन मल्लव्वाजवळ बसली. पाठीला लावलं, दंडाला लावलं, आणि मनगटाच्या वरच्या हाडावरून तिचं बोट फिरलं तसं ते तिथंच थांबलं.

आता हे सांगायलाच हवं, की वैजयंता हाडवैद्याची लेक. नदीपलीकडच्या गावात तिचे आण्णा पन्नास वर्षं हाडं बसवत आले. लहानपणी तिनं त्यांच्यासोबत शेकडो हात धरलेले. बसवलेलं हाड कुणाच्या हातचं आहे, हे तिला बोटांना कळायचं, जशी सुगरणीला दुसरीची फोडणी वासावरून कळते. हे हाड आण्णांच्या हातचं होतं.

ती पडद्याकडं पुन्हा बघायला गेली. आठ हाडं आणि आठही तेरा-चौदा वर्षांची. एका वर्षात कुणाची आठ हाडं मोडतात का? मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

दवाखान्यात हाड प्लास्टरमध्ये जखडतात. ते हलत नाही, त्याचे थर सावकाश, वर्षाला एक असे चढतात. यंत्राला शिकवायला जी दोन लाख हाडं वापरली, ती सगळी दवाखान्यातली. हाडवैद्याची रीत वेगळी. बांबूच्या कांब्या बांधायच्या, दर तिसऱ्या दिवशी सोडायच्या, तेल चोळायचं, सांधा हलवायचा आणि पुन्हा बांधायच्या. सहा आठवड्यांत चौदा बांधण्या. प्रत्येक सोडण्याला हाड किंचित हलतं आणि गाठीवर एक नवा थर धरतं. यंत्र थर मोजायचं. चौदा बांधण्यांचे चौदा थर, म्हणजे त्याच्या लेखी चौदा वर्षं! पुढं वर्षाला चढणारा बारीक थर त्या दाट थरांत मिसळून जायचा. मागच्या वर्षी मोडलेला हात असो की आठ वर्षांपूर्वीचा पाय, आण्णांच्या हाताखालून गेलेलं प्रत्येक हाड यंत्राला चौदा वर्षांचंच दिसणार होतं.

आणि दवाखाना सोडून हाडवैद्याकडं कोण जातं? जिला दवाखान्यातली पोलीस चौकी नको असते ती. जिच्या नावावर आधीच गुन्हा असतो ती. जिची सर्वांत जास्त हाडं मोडलेली असतात, नेमकी तीच. तीन वर्षांत अशा किती जणींना आपण चहा पाजून परत पाठवलं, हे वैजयंताला आठवेना. तिनं मल्लव्वाजवळ उभं राहूनच आण्णांना फोन लावला.

“आण्णा, मल्लव्वा म्हणून कोण बाई तुमच्याकडं येत हुती?”

“शिवाप्पाची? आट येळा आली की,” आण्णा म्हणाले. “मोठी सोशीक बाई. हूं की चूं न्हाई.”

“कशानं मोडलं, इचारलं कवा?”

“वैजे, आपल्या घरात हाड बसवत्यात. कारन इचारत न्हाईत. इचारलं तर मानूस येनार न्हाई, आन हाड तसंच कुजंल. तुज्या आज्ज्यापास्नं ही रीत हाय.”

“तो नवराच घेऊन यायचा न्हवं तिला?”

“व्हय. तोच हात धरायचा तिचा, मी हाड वडताना.”

वैजयंतानं फोन ठेवला. वडिलांवर एवढा संताप तिला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि आपण तरी वेगळं काय केलं, हेही तिला कळत होतं.

तिनं सगळं केतकी मॅडमना सांगितलं. मॅडमनी शांतपणे ऐकलं. त्यांनी तिथल्या तिथं मुख्यालयाला फोन लावला. तिकडचा मुलगा अगदी गोड आवाजात म्हणाला, की तक्रारीची नोंद झाली आहे, तज्ज्ञ समिती एकवीस दिवसांत कळवेल, तोवर यंत्राचं वाचनच ग्राह्य.

एकवीस दिवस कसले! शिवाप्पा तोवर फाटकात आला होता.

फाटकावर रंजना होती, राखणदार. तिनं कडी लावली आणि हात आडवा धरला. त्यानं काही न बोलता फाटक ओढून तिच्या बोटांवर आदळलं. एकदा, दोनदा, तीनदा. रंजना किंचाळत खाली बसली तसा तो तिला ओलांडून आत आला आणि मल्लव्वाला केसांना धरून बाकावरून खाली ओढलं. पाच बायका बाहेर बसल्या होत्या, त्यांतली एक त्याच्या पायाला चावली. त्यानं तिच्या तोंडावर लाथ घातली, दात फरशीवर पडला. वैजयंतानं टेबलावरची पितळी घंटा उचलून त्याच्या खांद्यावर हाणली, तेव्हा कुठं त्याची पकड सुटली. मल्लव्वाच्या केसांचा झुपका मात्र त्याच्या मुठीतच राहिला.

हवालदार मगदूम आले. रंजनाला रिक्षातून दवाखान्यात पाठवलं, शिवाप्पाचं नाव लिहून घेतलं. पण मल्लव्वाचं वाचन बघून त्यांनी खांदे उडवले.

“बोटांची केस करतो. बायकोचं काय करणार? यंत्र म्हणतंय तातडी नाही. रीतसर नोंद नसलेल्या बाईला पाचनंतर आत ठेवता येत नाही, मॅडम, तुम्हाला माहीतच आहे. मी ह्याला बाहेर बसवतो. पाचला दोघांना समजुतीनं घरी जाऊ दे.”

भले शाबास! समजुतीनं! घड्याळात सव्वातीन वाजले होते. रस्त्यापलीकडच्या पानपट्टीसमोर शिवाप्पा उकिडवा बसला आणि दाराकडं बघत राहिला.

मल्लव्वा आता रडत नव्हती. तिनं वैजयंताचा पदर धरून तिला मोरीकडं नेलं.

“आक्का, आज घरी गेले तर तो मला मारून टाकंल. ट्यूबनं न्हाई. नदीला न्हेईल. काल म्हनालाच तसं, बुडाल्याली बाई यंत्रात घालत न्हाईत म्हून.” तिनं उजवा हात पुढं केला. “दोन वरसांमागं माझा ह्यो हात वाकडा बसला हुता. तुमच्या आण्णांनी त्यो परत मोडला आन सरळ बसवला. तुमास्नी बी येतंय, आण्णाच सांगत हुते. मोडा.”

“खुळी हाईस का गं!”

“आटदा त्यानं मोडलं, त्याचं काय झालं न्हाई. येकदा तुमी मोडा. माझ्यासाटी.”

वैजयंता नको नको म्हणाली. मॅडमना सांगू, मोर्चा काढू, मी तुला माझ्या घरी नेते म्हणाली. शिवाप्पाला वैजयंताचं घर ठाऊक होतं. तिथं तिची बावीस वर्षांची लेक एकटी असायची, आणि हे वैजयंतालाही ठाऊक होतं. ती मोरीच्या कडेला टेकली. तिला आयुष्यात कुणालाही दुखवायचं नव्हतं. हाड बसवणंसुद्धा तिनं त्यासाठीच सोडलं होतं, ओढताना लोक ओरडायचे ते तिला सोसायचं नाही म्हणून.

चार वाजून दहा मिनिटांनी तिनं मोरीच्या दाराला आतून कडी घातली.

कपडे धुवायच्या दगडाच्या कडेवर तिनं मल्लव्वाचा हात ठेवला. खाली टॉवेलची घडी. जुन्या मोडीच्या वर चार बोटं सोडून जागा चाचपली. मल्लव्वानं पदराचा बोळा तोंडात धरला आणि डोळे मिटायला नकार दिला. वैजयंता डावखुरी. तिनं उजव्या हातानं कोपर दाबून धरलं, डाव्या हाताचा तळवा हाडावर ठेवला आणि सगळं अंग त्यावर सोडलं. पहिल्यांदा मोडलं नाही. मल्लव्वाच्या घशातून गुरासारखा आवाज आला, पाय फरशीवर घासले. वैजयंता रडत होती, शिव्या देत होती, यंत्राला, शिवाप्पाला, आण्णांना, स्वतःला. दुसऱ्यांदा तिनं श्वास रोखला आणि पुन्हा अंग टाकलं. वाळकं सरपण मोडावं तसा आवाज झाला. मल्लव्वाच्या नाकातून रक्त आलं आणि ती वैजयंताच्या मांडीवर कोसळली.

मोडून तीन मिनिटं होतात तोच ती पुन्हा पाळण्यात होती. अकरा मिनिटं यंत्र वाचत होतं आणि वैजयंता तिचा दुसरा हात धरून उभी होती. ‘ताजा अस्थिभंग. दुसऱ्या व्यक्तीकडून. प्रवेश द्यावा.’ आतल्या दाराचे खटके एकामागून एक उघडले. पण यंत्र तिथं थांबलं नाही. ‘मोडीचं वय चौदा मिनिटं. डाव्या हाताचा जोर. हल्लेखोराचं नाव भरावं.’

केतकी मॅडमनी वाचलं. हवालदार मगदूमनी वाचलं. चौदा मिनिटांपूर्वी शिवाप्पा रस्त्यापलीकडं बसलेला होता, हे मगदूमनी स्वतः पाहिलं होतं. दोघांनी मोरीकडं बघितलं, मग वैजयंताच्या डाव्या हाताकडं.

“कोणी केलं हे?” मगदूमनी विचारलं.

पाळण्यातून मल्लव्वाचा आवाज आला. ओठ पांढरे, दात वाजत होते, तरी ती घाईघाईनं म्हणाली, “कुनी न्हाई. मी पडले, सायेब. मोरीत पाय घसरला.”

त्या खोलीतल्या प्रत्येकीनं हे वाक्य आयुष्यात हजारदा ऐकलं होतं. नवऱ्यासाठी म्हटलेलं, दिरासाठी, बापासाठी. वैजयंताच्या कानात ते उकळत्या तेलासारखं उतरलं. आज ते तिच्यासाठी म्हटलं जात होतं. जिनं हात मोडला तिला वाचवायला ही बाई पुन्हा खोटं बोलत होती, आणि त्यात आपलं काय जाईल याचा तिला पत्ताही नव्हता. केतकी मॅडमना पत्ता होता. अपघात अशी नोंद झाली, की दार बंद. त्यांनी वैजयंताकडं नुसतं बघितलं.

“नाही पडली ती,” वैजयंता म्हणाली. “मी मोडला. जाणूनबुजून, दोन झटक्यांत.”

“आक्का, गप बसा!”

“तू गप बस! माझ्यापायी पडू नकोस कुठं.” तिनं पडद्यावर हल्लेखोराच्या रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव भरलं, वय भरलं, पत्ता भरला, आणि खाली सही केली.

केतकी मॅडमनी कळ दाबली. दोघींनी मल्लव्वाचा पाळणा आत ढकलला आणि खटके पुन्हा लागले. जाताना मल्लव्वानं मान वळवून काहीतरी म्हटलं, ते दाराच्या आवाजात ऐकू आलं नाही.

मगदूम वैजयंताला घेऊन फाटकाबाहेर आले तेव्हा शिवाप्पा उठून धावत आला. कुठून तरी त्याला कळलं होतं. त्याचा चेहरा रागानं लालबुंद झाला होता, आणि गंमत बघा, तो राग अगदी खरा होता.

“माझ्या बायकोचा हात मोडला हिनं? माझ्या बायकोचा? सायेब, मला फिर्याद द्यायची हाय! ह्या बाईला सोडू नगा!”

मगदूमनी त्याच्याकडं बघितलं, मग वही काढली. फिर्यादी म्हणून जखमी बाईच्या नवऱ्याचं नाव चालतं, तसा कायदाच आहे. शिवाप्पानं मजकूर ऐकला, दोनदा होय म्हणाला आणि खाली ठसठशीत सही ठोकली.

“आता बोलवा तिला भाईर,” तो म्हणाला. “घरी न्हेतो.”

“नाही येणार ती. नव्वद दिवस आत.”

“आवो, मी फिर्यादी हाय!”

“असशील. दुसऱ्यानं मोडला हे तूच सही करून दिलंस, आता नव्वद दिवस कुणालाच भेट नाही.” मगदूमनी वही मिटली. “आणि रंजनाबाईंच्या बोटांची केस आहे तुझ्यावर. चल, तू पण बस गाडीत.”

शिवाप्पा तोंड उघडं टाकून बघतच राहिला. असा त्याला पाहायला वैजयंतानं एरवी उपास धरले असते. पण तिला हसू आलं नाही. गाडीच्या बाकावर ती डावी मूठ उजव्या हातात घट्ट दाबून बसली होती, आणि त्या तळव्याखाली ते हाड अजून मोडत होतं.